माझी पोरगी कधी शिंकलीसुद्धा नाही

कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये त्या वर्षांत दोन गोष्टींची चौकशी व्हायची. मुलाचा अमेरिकेचा व्हिसा आला का, आणि पोळ्यांना बाई कोण आहे. पहिल्याचं उत्तर घरागणिक बदलायचं. दुसऱ्याचं बहुतेक जिन्यांवर एकच होतं: मुक्ताई.

मुक्ताई वाशीमकडची. नवरा गवंड्याच्या हाताखाली होता. कोथरूडचे मजले त्यानं चढवले आणि त्यातल्याच एकावरून तो पडला. बिल्डरनं त्या इमारतीला देवाचं नाव दिलं आणि मुक्ताईला घरी बसायला सांगितलं. घर म्हणजे डोंगरउतारावरची पत्र्याची खोली. पदरात एकुलती एक लेक, श्रद्धा. मुक्ताई घरी बसली नाही. तिनं लाटणं उचललं.

घडीची पोळी तिला पहिल्या घरच्या वासंतीबाईंनी शिकवली. त्या निवृत्त शिक्षिका. कमी बोलायच्या आणि बोललं की समोरच्याला आठवडाभर पुरायचं. शाळा सुटली की श्रद्धा त्यांच्याच ओट्याखाली पाट टाकून अभ्यास करायची. पाचवीत असताना पोर ताप घेऊन आली. मग गुडघे सुजले. गुडघे उतरले तर घोटे सुजले. रात्री धाप लागून उठून बसायची. मुक्ताईनं निरगुडीचा पाला गरम करून बांधला. वासंतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे पाल्याचं काम नाही. उद्या हिला इस्पितळात न्यायचं."

"उद्या तुमच्याकडं पाहुणे हायेत ना, बाई?"

"पाहुण्यांना ब्रेड मिळतो."

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: सांधे बरे होतील, पण हा ताप हृदयाच्या झडपेवर डाग ठेवून गेलाय. पुन्हा आला तर झडप आणखी आखडेल. तो येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई, आणि ती पोरगी पंचविशी गाठेपर्यंत. सुई अशी दुखायची की श्रद्धा दिवसभर लंगडायची. वस्तीत कोणी विचारलं तर मुक्ताई म्हणायची, "ताकदीचं इंजेक्शन आहे." वासंतीबाईंनी मात्र बजावून ठेवलं होतं, "सुई चुकवायची नाही. पोळ्या चुकल्या तर चालतील. तशा त्या चुकतातच."

पोरगी वाढली. बी.कॉम. झाली, इंग्रजीच्या क्लासला गेली आणि कॉल सेंटरला लागली. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी तिचं नाव शॅरन. सकाळी खोलीत आली की स्टोव्हसमोर उभी राहून आईला चिडवायची, "हॅलो, धिस इज शॅरन, हाऊ मे आय हेल्प यू?" मुक्ताई म्हणायची, "हेल्प करायची तर कणीक मळ, शॅरनबाई."

मग स्थळं यायला लागली, आणि इथूनच या गोष्टीला कीड लागली. आपल्याकडं मुलीला पाहायला येतात तेव्हा रंग विचारतात, शिक्षण विचारतात, आणि सगळ्यात शेवटी, सुपारी कातरता कातरता, "तब्येत कशी?" एवढंच विचारतात. या प्रश्नाला खरं उत्तर देणारी आई अजून जन्मायची आहे. सुई घेणारी पोरगी म्हणजे नासका माल, हे वस्तीत कोणाला शिकवावं लागत नाही. मुक्ताईनं लग्नाच्या वर्षी सुया बंद केल्या. वासंतीबाईंना सांगितलं, डॉक्टरनं थांबवल्या.

स्थळ पुण्याजवळच्या मांजरीचं होतं. मुलगा योगेश, आयटी कंपनीत. माणसं वाशीमकडचीच, पण पुण्यात आधी आलेली. वडील रंगराव कारखान्यातून निवृत्त, प्लॉटवर खाली-वर दोन खोल्या, पुढं फाटक. योगेशची आई शेवंताबाई. त्यांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तब्येत बरी राहते ना पोरीची?"

"माही पोरगी आजवर कधी शिंकलीसुद्धा नाही, ताई," मुक्ताई म्हणाली.

सगळे हसले. ट्रे धरून उभ्या असलेल्या श्रद्धानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली.

लग्नानंतर एकदा माहेरी आलेली असताना श्रद्धानं विचारलं, "आई, योगेशला सांगू का? चांगला आहे तो. समजून घेईल."

"तो घेईल. त्याची माय घेईल काय? आधी मांडीवर लेकरू येऊ दे. मग सांग. लेकरू मांडीवर असलं की सुनेला कोणी बाहेर काढत नाही."

लेकरू लवकर यायला निघालं. सातव्या महिन्यात, ड्युटीवरून येताना कंपनीच्या गाडीतच कळा सुरू झाल्या. त्याआधीही जिना चढताना तिला धाप लागायची, पण शेवंताबाई म्हणायच्या, "खुर्चीत बसून काम करणाऱ्या पोरी, त्यांना चालायची सवय कुठली?" आणि मुक्ताई मान डोलवायची.

शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात तिला नेलं. नाव घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे स्वतःला धुतल्या तांदळाचे समजतात. त्या वॉर्डात तेव्हा कळा थांबवायच्या औषधांचा अभ्यास चालू होता. अभ्यासाचं काम पाहणारी डॉक्टर अपूर्वा, नारायण पेठेतली, अंगानं किरकोळ, बोलायला सरळ. तिनं श्रद्धाच्या पलंगाशी उभं राहून दोन्ही घरच्यांना समजावलं.

"आत्ता बाळ आलं तर त्याची फुफ्फुसं कच्ची आहेत. ती पिकवायचं इंजेक्शन आहे, पण ते लागू पडायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ कळा थोपवायच्या. त्यासाठी दोन औषधं आहेत. एक जुनं, सलाईनमधून. त्यानं पोट सैल पडतं, पण छाती धडधडते. दुसरी गोळी. कोणतं औषध आईच्या हृदयाला कमी त्रास देतं ते आम्ही तपासतोय. कुणाला कोणतं, ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. तुम्हाला यात यायचं नसेल तर नाही म्हणा, उपचार तरी होणारच."

"नातवाला काही होणार नाही ना?" शेवंताबाईंनी विचारलं.

"आजी, नातवाचं नंतर. आधी आईचं हृदय."

हृदय हा शब्द ऐकून मुक्ताई लेकीच्या उशाशी सरकली. योगेशनं सही केली, श्रद्धानं केली. मग अपूर्वानं एकामागून एक प्रश्न विचारले, आणि त्यातच तो आला.

"लहानपणी कधी सांधे सुजून मोठा ताप आला होता? हृदयाचं काही सांगितलं होतं कुणी?"

श्रद्धानं आईकडं पाहिलं. डाव्या हाताला नवरा, पायाशी सासू. कळ आली होती, ती ओठ दाबून गप्प राहिली. आपल्याकडं पलंगावरच्या बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पलंगाशेजारचं वडीलधारं माणूस देतं. हा रिवाज आहे. मुक्ताईनं उत्तर दिलं.

"नाही हो, बाई. माझी पोरगी कधी शिंकलीसुद्धा नाही."

अपूर्वानं छातीला नळी लावली. शेजारच्या पलंगावर एक बाई ओरडत होती, कुणीतरी लोखंडी स्टूल ओढत होतं. झडपेचा तो आवाज अगदी बारीक, खोल. ऐकू आला नाही. ईसीजीची पट्टी निघाली, तीही साधारण दिसली. चिठ्ठी सलाईनची निघाली.

आता इथं डोकं फिरतं. अभ्यास कशाचा? हृदयाचा. आणि हृदय डोळ्यांनी दाखवणारं इकोचं यंत्र कुठं? वरच्या मजल्यावर, कुलपात, गरज पडली तर उघडायला. आधी एकदा ते पोरीच्या छातीवर फिरवलं असतं तर मुक्ताईच्या खोटेपणाला दमडीची किंमत राहिली नसती. आईनं खोटं बोलू नये हे खरंच. पण सासू उभी असताना बाईला असला प्रश्न विचारायचा आणि मिळालेलं उत्तर खरं धरायचं, हा शहाणपणा कोणत्या कॉलेजात शिकवतात? माणसं औषध तपासत होती. उत्तर कोणी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेला, श्रद्धा खोकायला लागली. छाती धडधडते म्हणत होतीच, पण या औषधानं सगळ्यांचीच धडधडते असं आधीच सांगितलेलं. आता तिला आडवं राहवेना. उशी मागितली, मग आणखी एक मागितली. मग उशी टाकून उठून बसली आणि दोन्ही हात पलंगावर रोवून श्वास घ्यायला लागली. मुक्ताईनं ही बैठक पाचवीतल्या पोरीची पाहिली होती.

ती धावत बाहेर गेली. अपूर्वा व्हरांड्यात होती. मागोमाग शेवंताबाई आल्या, "काय झालं, ताई?"

"काही नाही, तुम्ही जरा चहा आणता का तिच्यासाठी?"

"चहा? सलाईन चालू आहे तिला! काय झालं ते सांगा ना."

"डॉक्टरबाई, बघा हो जरा तिला," एवढंच मुक्ताईच्या तोंडून निघालं.

अपूर्वानं छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा बदलला. सलाईन बंद केलं, ऑक्सिजन लावला, सुया, हाका, धावपळ. "हिच्या फुफ्फुसात पाणी झालंय. मावशी, नीट आठवून सांगा, हिला आधी हृदयाचं काही होतं का?"

शेवंताबाईंचा खांदा मुक्ताईच्या खांद्याला लागलेला होता. श्रद्धा मास्कमधून आईकडं बघत होती. एक शब्द पुरला असता. मुक्ताईची मान आपोआप नाही म्हणाली.

संध्याकाळी पोट फाडून मुलगी काढली. ओंजळीएवढी. ती रडली. श्रद्धाला ते ऐकू आलं की नाही कुणाला माहीत नाही. इकोचं यंत्र खाली आणेपर्यंत त्याचा उपयोग उरला नव्हता; श्रद्धा गेली होती. मरणाचं कारण कळायला चिरफाड करू का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा योगेश भिंतीवर डोकं आपटत होता. शेवंताबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता तिला कापणं." मुक्ताईनं मान डोलवली. मान डोलवणं आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

बाळ काचेच्या पेटीत. त्यानं जरा जीव धरल्यावर नर्सनं सांगितलं, याला आता माणसाची ऊब हवी. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरायचं, कांगारूसारखं. आई नाही तर आजीही चालते. मुक्ताईनं पोळ्यांची सगळी घरं सोडली. प्रसूती वॉर्डाच्या टोकाला पडद्यामागं खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीत ती सकाळपासून बसायची. छातीवर ती चिमणी, वरून साडीचा पदर. शेवंताबाई डबा घेऊन यायच्या, डोळे पुसायच्या, म्हणायच्या, "तुम्ही आहात म्हणून पोर जगतंय, ताई." मुक्ताईला तो घास गिळवत नसे.

एक दिवस अपूर्वा येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. चौकशी झाली होती. सलाईनचा वेग बरोबर होता, नोंदी बरोबर होत्या. मरण औषधाच्या नावावर जाणार होतं.

"मावशी, मी रोज तेच आठवते. माझ्याकडून काय राहिलं?"

"तुमचं काही राहिलं नाही, बाई."

"मग ती गेली कशी?"

छातीवर बाळाचे श्वास मुंगीच्या पावलानं चालले होते. खरं सांगावं तर हे पोर सुटलं. फसवून गळ्यात बांधलेल्या सुनेची आई म्हणून शेवंताबाई तिला दारात उभं करणार नाहीत, हे मुक्ताईला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही तेच केलं असतं. लेक गेली होती. लेकीचं म्हणावं असं एवढंच शिल्लक होतं.

"देवाची मर्जी," मुक्ताई म्हणाली. अपूर्वा उठून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक पोरगी आली. मुक्ताई पडद्यामागं होती, शेवंताबाई स्टुलावर बसून डब्याची झाकणं उघडत होत्या. पलीकडं कळा, घाबरलेला नवरा, जपमाळ ओढणारी सासू, आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवणारी आई. अपूर्वाचा आवाज तोच, प्रश्नही तोच. सांधे सुजून ताप?

"छे हो," त्या आईनं सांगितलं. "कधी साधी सर्दी नाही आमच्या मुलीला."

मुक्ताई उठली. कशी उठली ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. छातीवर बाळ बांधलेलंच होतं. पडदा सारून ती वॉर्डाच्या मधोमध आली.

"डॉक्टरबाई, थांबा. हिच्या मायला विचारू नका. मीही असंच बोलले होते."

"मावशी, तुम्ही बसा बघू—"

"नाही बसत! माह्या पोरीला सांध्याचा ताप होता. पाचवीत. झडपेवर डाग होता. सुया चालू होत्या, त्या मी बंद केल्या लग्नासाठी. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलले, दोनदा. औषधानं मारली असेल, तर मी हात धरून त्या औषधाकडं नेली तिला. या पोरीला आधी यंत्राखाली घाला, मग काय ते लावा!"

नवी पोरगी रडायला लागली. तिची आई म्हणाली, "अहो, आमची खरंच धडधाकट आहे हो!" अपूर्वानं हातातला कागद खाली ठेवला. मग नर्सला म्हणाली, "इको खाली आणा. आणि नातेवाइकांना बाहेर चहाला पाठवा. सगळ्यांना. आईलाही."

मुक्ताई वळली तर समोर शेवंताबाई. हातात डब्याचं झाकण.

"कधी शिंकली नाही म्हणाला होतात," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या दारात बसून."

"ताई..."

"मला सांगितलं असतं, तर मी तिला पाणी भरायला लावलं असतं का? जिने चढवले असते का? माझ्या हातून करून घेतलंत तुम्ही."

शेवंताबाईंनी मुक्ताईच्या पदराची गाठ सोडली आणि बाळ उचललं. नर्स धावत आली, "आजी, तिला उघडं नका करू, तिला छातीची ऊब लागते—"

"माझी छाती काय मेलीय?" शेवंताबाई त्याच खुर्चीत बसल्या, चोळीची बटणं काढली, पोर आत घेतलं. बाळ जरा कुरकुरलं आणि निजलं. तेवढं कुरकुरणं मुक्ताईच्या वाट्याला आलं.

नव्या पोरीचं हृदय ठणठणीत निघालं. तिची आई खरं बोलत होती. चांगली बाळंत झाली, पेढे वाटून गेली. म्हणजे ज्या पोरीसाठी मुक्ताईनं नात घालवली तिला काही झालेलंच नव्हतं. लोक आजही तिला हे ऐकवतात. ती म्हणते, "बरं झालं ना मग." वॉर्डात मात्र तेव्हापासून तो प्रश्न बाईला एकटीला विचारतात, आणि आधी छातीवर यंत्र फिरवतात. नातेवाइकांना चहाला का पाठवतात, हे नव्या नर्सांना माहीत नाही. जुन्या सांगत नाहीत.

मुक्ताई पुन्हा पोळ्या लाटायला लागली. वासंतीबाईंना तिनं सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कणीक भिजव," आणि स्वतः आत जाऊन दार लावून घेतलं.

दर संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन मांजरीला जाते. फाटकाच्या आत घेत नाहीत. शेवंताबाई डबा घेतात, रिकामा करून परत देतात. वेळ साधून आलं तर अंगणात नात दिसते. नाव प्रियदर्शनी. हनुवटी श्रद्धाची.

ती शाळेत जायला लागली त्या वर्षीची गोष्ट. पोर ओट्यावर बसली होती, गळ्याला मफलर, डोळे तापलेले.

"घसा धरलाय काय तिचा?" मुक्ताईनं फाटकाबाहेरून विचारलं.

"थंडीचं होतं थोडं."

"ताई, डॉक्टरला दाखवा. श्रद्धाला आला तो ताप आईच्या रक्तातून येत नाही, घशातूनच सुरू होतो. गोळ्या पूर्ण घेतल्या की काही होत नाही."

शेजारीण कंपाउंडच्या भिंतीवर हात टेकून ऐकत होती. शेवंताबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मांजरीत त्यांनी सांगून ठेवलं होतं की सून बाळंतपणात गेली; हृदयाचं नाव कुणाजवळ काढलं नव्हतं. पोरीची जात, उद्या कोण करून घेईल? त्यांनी आवाज चढवला.

"आमच्या पोरीला काय धाड भरलीय? आमची नात आजवर कधी शिंकलीसुद्धा नाही!"

मुक्ताई पांढरी पडली. शेवंताबाईंनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं. पण शब्द सुटला होता, आणि शेजारीण उभी होती.

मुक्ताईनं डबा खाली ठेवला आणि फाटकापाशी मातीत बैठक मारली.

"उठा. लोक बघतात."

"बघू दे. लपवून पाहिलं मी एकदा. तिला दवाखान्यात नेल्याशिवाय मी इथून हलत नाही. मले हात लावू देऊ नका, बोलू देऊ नका. तुम्हीच न्या. पण न्या."

शेवंताबाई आत गेल्या, दार आपटलं. शेजारीण कंटाळून गेली. उन्हं मुक्ताईच्या डोक्यावर आली. बऱ्याच वेळानं कडी वाजली. शेवंताबाई चपला घालून बाहेर आल्या, कडेवर शालीत गुंडाळलेली पोर. त्या मुक्ताईला वळसा घालून निघाल्या.

पोरीनं खांद्यावरून मागं पाहिलं. "आजी, त्या कोण आहेत?"

शेवंताबाई थबकल्या. वळल्या नाहीत.

"तिळगूळ घेऊन येतात त्या," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

कोपऱ्यावर दोन रस्ते फुटतात. एक देवळाकडं जातो, एक दवाखान्याकडं. शेवंताबाई दवाखान्याकडं वळल्या. तेवढं पाहून मुक्ताई उठली, साडीची माती झटकली आणि बसच्या थांब्याकडं चालायला लागली. तिळगुळाचा डबा फाटकाशी तसाच होता, भरलेला.